ब तुकडीचा पट

आमच्या हायस्कूलच्या आवाराला तीन बाजूंनी भिंत होती आणि चौथ्या बाजूला ऊस. चौथी भिंत बांधायची राहून गेली होती. का राहिली ते कुणी सांगायचं नाही, पण पावसाळ्यापासून पुढं ऊस वाढत गेला की भिंतीची आठवणही व्हायची नाही. थंडीत तोड आली की हीच हिरवी भिंत एका दिवसात नाहीशी व्हायची. मग वर्गात बसल्या बसल्या कोडोलीचा रस्ता, रस्त्यापलीकडं आमचं घर, दारातल्या दोन म्हशी आणि किटली घेऊन निघालेली आई, सगळं दिसायचं. तोड झाल्यानंतरचे ते दिवस मला आवडायचे नाहीत. घर दिसत असलं की जीव तिकडंच लागायचा. म्हशीनं दावं तोडलं का, आबा अजून रानातनं का आले नाहीत, दारात कुणाची मोटारसायकल लागलीय. काळजी करायचा माझा स्वभाव तेव्हापासूनचा आहे. आता इथं तामिळनाडूत माझ्या दुकानापुढं नारळाची झाडं आहेत, घर हजारभर किलोमीटरवर राहिलं, तरी भट्टी पेटवताना मन एकदा तिकडं जाऊन म्हशी मोजून येतंच. म्हशी तर कधीच विकल्या.

सकाळ आमच्या घरी धारेच्या आवाजानं व्हायची. रिकाम्या बादलीत पहिली धार पडते तो आवाज वेगळा, बादली भरत आल्यावरचा वेगळा. मी अंथरुणात पडून त्या आवाजावरनं ठरवायचो की अजून किती पडून राहता येतंय. मग तोंड धुऊन किटली सायकलला अडकवायची आणि डेअरीत जाऊन रांगेत उभं राहायचं. तिथनं परत येऊन गरम भाकरी, दही आणि आईनं तव्यातच रगडलेला मिरचीचा खर्डा खायचा, आणि त्याच भाकरीची दुसरी चवड फडक्यात बांधून शाळा गाठायची. साखर कारखान्याचा भोंगा झाला की आमच्या शाळेचं घड्याळ बरोबर करायचे. भोंगा चुकला तर सगळं गावच चुकायचं, त्यामुळं उशिरा आला म्हणून कुणाला मार बसल्याचं मला आठवत नाही. माझ्या हाताला कायम दुधाचा आणि शेणाचा वास असायचा. अ तुकडीतली काही पोरं नाक मुरडायची. ब तुकडीत सगळ्यांच्याच हाताला तो वास होता.

मी ब तुकडीत होतो. गणितात आणि इंग्रजीत मागं राहिलेली, ऊसतोडीच्या दिवसांत गायब होणारी, गुऱ्हाळावर जळण लोटायला जाणारी अशी सगळी पोरं ब मध्ये. आठवीत माझं नाव घालायला आबा उशिरा गेले, म्हणून पटावर शेवटचं नाव माझं पडलं, आणि नववीतही ते तसंच शेवटी राहिलं. पण ब तुकडीचं एक भाग्य होतं, ते मला फार उशिरा कळलं. शाळेला खोल्या कमी होत्या. अ ला खोली होती, आम्हाला नव्हती. म्हणून नववी ब चा वर्ग कायम प्रयोगशाळेत भरायचा. अ ची हुशार पोरं आठवड्यातनं एकदा रांगेनं प्रयोगशाळेत यायची, हात मागं बांधून बघायची आणि जायची. आम्ही मात्र दिवसभर तिथंच. उंच टेबलं, डुगडुगणारी स्टुलं, पाणी नसलेले नळ, भिंतीवर माणसाच्या आतड्याचा तक्ता. त्या आतड्यासमोर बसून आम्ही भाकरी खायचो. काचेच्या पेटीत नाजूक तराजू होता, त्याची वजनं मखमलीच्या खाचांत बसवलेली असायची आणि ती उचलायला एक छोटा चिमटा. आणि कपाटावर, उंच बरणीत, स्पिरिटमध्ये एक घोणस वेटोळं घालून बसलेली होती.

त्या सापाला आम्ही पटावर घेतलं होतं. त्याचा कर्ता सर्जेराव, आम्ही त्याला सर्ज्या म्हणायचो. हजेरीत माझं नाव शेवटी. मी "हजर" म्हटलं की बाई वही मिटायच्या आधी क्षणभर थांबायच्या, आणि तेवढ्यात सर्ज्या बारीक आवाजात सापाच्या वतीनं "हजर" म्हणायचा. पहिल्यांदा बाईंनी त्याला उभं केलं. त्यानं सांगितलं, "बाई, त्यो एक दिवस बी खाडा करत न्हाय. त्येची हजेरी मांडायला नको व्हय?" सगळा वर्ग हसला आणि बाईही हसल्या. तेव्हापासून ते रोजचंच झालं. सर्ज्या नसला तर दुसरं कुणीतरी सापाची हजेरी द्यायचं.

या बाई म्हणजे मगदूम बाई. पेठ वडगावहून एसटीनं यायच्या, आम्हाला विज्ञान आणि गणित शिकवायच्या. शाळेत सगळ्यांत नव्या त्याच. घरी सासू आणि अजून शाळेत न जाणारी लहान मुलगी. बाई जैन, त्यांच्या डब्यात कांदा-लसूण नसायचा, आणि आमच्या चाळीस फडक्यांतनं कांदालसणाच्या चटणीचा वास सुटलेला. त्या खिडकीपाशी स्टूल ओढून जेवायच्या, पण त्या वासाचं कधी बोलल्या नाहीत. दिवस मावळल्यावर त्या जेवायच्या नाहीत. संध्याकाळची एसटी कधीच वेळेवर यायची नाही, म्हणून शाळा सुटल्यावर उजेड असतानाच त्या प्रयोगशाळेत बसून दुसरा छोटा डबा खायच्या आणि मग रस्त्यावर जाऊन उभ्या राहायच्या. वर्ग झाडायची पाळी असली की मी तिथंच असायचो. त्या मला डब्यातली एक दशमी द्यायच्या. दुधात भिजवलेल्या पिठाची ती मऊ दशमी तशी परत कुठं मिळाली नाही. इथं माझ्या बायकोनं खूपदा करून बघितली. चांगली होते, पण तशी नाही.

नववीच्या दिवाळीत मामा आले. आईचे धाकटे भाऊ, इकडं तामिळनाडूत त्यांचं गलाईचं दुकान होतं. सोनारांकडचे जुने दागिने आटवायचे, त्यातलं तांबं-चांदी ॲसिडनं काढून शुद्ध सोनं परत द्यायचं, हा धंदा. आमच्या भागातली बरीच माणसं या धंद्यात मुलूखभर पसरलीत. त्यांच्याकडचा पोऱ्या स्वतःचं दुकान काढायला निघाला होता आणि त्याच्या जागी त्यांना घरचं माणूस पाहिजे होतं. आमच्या घरात ते काही नवीन नव्हतं. मी शाळेत फार पुढं जाणार नाही हे मला माहीत होतं, आबांना माहीत होतं, आणि आईनं तर मामांना आदल्या जत्रेतच शब्द दिला होता. मला वाईटही वाटलं नाही. फक्त भीती वाटली. सोनं हा शब्दच मला मोठा वाटायचा. कुणाचं तरी सोनं माझ्या हातनं हरवलं तर, ही काळजी मी घर सोडायच्या आधीपासून करायला लागलो. पाडव्यानंतर चार दिवसांनी निघायचं ठरलं.

आणि त्याच चार दिवसांत हेडसर आमच्या घरी आले. त्या दिवसांत सगळेच मास्तर गावात फिरत होते. दिवाळीची सुट्टी संपली की तुकड्यांचा पट तपासायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. एका तुकडीला अमुक एवढी पोरं बसलेली दिसलीच पाहिजेत, एक जरी कमी भरलं तरी तुकडी बंद. तुकडी बंद झाली की एक शिक्षक जादा ठरतो, त्याला सरप्लस म्हणायचे. जो नवा, तो सरप्लस. त्याला जिल्ह्यात जिथं जागा असेल तिथं जावं लागायचं. म्हणून मास्तर सायकली काढून गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर, पाव्हण्यांच्या गावात जाऊन ब तुकडीची पोरं गोळा करत होते. हेडसर सोप्यात बसले, चहा घेतला आणि आबांना सरळ सांगितलं की तुमचं पोरगं धरून तुकडी बरोबर भरते, ते गेलं तर मोडते, आणि मोडली तर मगदूम बाई सरप्लस. जागा पार आजऱ्याकडं आहे. लहान पोर घेऊन त्या बाईनं रोज आजरा गाठायचा कसा.

मामा भिंतीला टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "सर, तुमच्या बाईचं मला वाईट वाटतंय. पण रेल्वेचं तिकीट काढलंय, दुकान बंद पडलंय. ह्येच्यासाठी गाडीला ब्रेक लावून ठिवू काय?" हेडसरांनी त्यावर दुसरी तोड काढली. पोरगं जाऊ दे, त्याच्या जागी त्याच्या चुलतभावाला त्या दिवशी बसवू, अंगात त्याचाच शर्ट घालू, नाव पुकारलं की हजर म्हणेल. कोण वळखतंय. हे तेव्हा बऱ्याच शाळांत चालायचं, त्यात कुणाला फार काही वाटायचं नाही. आबांनी मान हलवली. सगळं सुटल्यासारखं झालं. माझी काळजी मात्र सुटली नाही.

सुट्टीतही बाई शाळेत येत होत्या, पोरं किती जमली ते बघायला. मी दुसऱ्या दिवशी डेअरीची रिकामी किटली तशीच घेऊन प्रयोगशाळेत गेलो. त्या टेबलाशी बसल्या होत्या, मुलगी शेजारच्या स्टुलावर पाय हलवत बसलेली. मी चुलतभावाचं सांगितलं, तर त्यांना ते आधीच कळलेलं होतं. त्यांनी हेडसरांना नको म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं त्या सत्य-असत्याचं काही बोलतील. बाई म्हणाल्या, "दिनकर, खोटा मुलगा पकडला तर नोकरीच जाईल रे. त्यापेक्षा आजरा बरा. मला नाही जमायचं ते, मी नुसती घाबरूनच सगळं बोलून टाकीन." मला फार हायसं वाटलं. माझ्यासारखं घाबरणारं मोठं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. त्यांनी मला थांब असं मात्र म्हटलं नाही. मामांबरोबर जा, चांगली वाट मिळतेय, एवढंच बोलल्या आणि मुलीच्या वेणीची सुटलेली रिबन बांधायला लागल्या.

संध्याकाळी जेवताना मी बोललो. आमच्या घरात जेवताना पोरांनी बोलायची पद्धत नव्हती. आईनं माझ्या ताटात भाकरी टाकली आणि मी ताटाकडंच बघत म्हणालो, "पट मोजल्याबिगार मी न्हाय जाणार."

मामांनी घास संपवला, पाणी प्यायले. "मी थांबणार न्हाय," ते म्हणाले. "थोरलीचं पोरगं मागं लागलंय कवाधरनं. त्येला घिऊन जातो. मग म्हणू नगंस मामानं इचारलं न्हाय."

आई माझ्याकडं बघत राहिली. आबा कधी फार बोलायचे नाहीत. ते एवढंच म्हणाले, "पावणं, त्येनं आजपतोर कायच मागितलं न्हाय. ह्यो इषय ऱ्हाऊ दे आता." मामा माझ्या मावसभावाला घेऊन गेले. एसटी वळणाआड जाईपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो. पुढं कितीतरी दिवस मी रोज दोन गोष्टींची काळजी केली. तुकडी मोडली तर बाईही गेल्या आणि मामांचं दुकानही, आणि तुकडी राहिली तरी माझं काय.

पण त्याच दिवसांत, एसटीची वाट बघायच्या वेळात, बाईंनी मला काचेच्या पेटीतला तराजू उघडून दिला. मामांच्या दुकानात तराजू असणार हे त्यांना माहीत होतं. मामा परत नेणार नाहीत असं मी म्हटलं तर म्हणाल्या, कुणीतरी नेईल. वजन बोटानं उचलायचं नाही, बोटाचा घामसुद्धा तोलला जातो. काटा स्थिर होईपर्यंत श्वास त्यावर सोडायचा नाही. स्पिरिटचा दिवा फुंकून विझवायचा नाही, टोपण घालायचं. आणि आम्ल पाण्यात घालायचं, थेंबाथेंबानं. पाणी आम्लात ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. हे त्यांनी माझ्याकडनं इतक्यांदा म्हणवून घेतलं की म्हशीची धार काढतानाही माझ्या तोंडात तेच असायचं. दशमी खात खात मी चिमूटभर मिठापासून आईच्या नथीपर्यंत काय काय तोललं. नथ मी आईला विचारून नेली होती. ती म्हणाली, "सोनं हाय का बघ बरं, तुझ्या बाला दुकानदारानं फशिवलं असंल." तराजूवर ते कळत नाही हे मी तिला सांगितलं नाही.

साहेब आले तेव्हा तोड नुकतीच झालेली होती आणि खिडकीतनं सगळा रस्ता दिसत होता. आम्ही सगळे आलो होतो, गुऱ्हाळावरची पोरं सुद्धा, अंगाला अजून काकवीचा वास. साहेब दाराशी वही घेऊन उभे राहिले, हेडसर त्यांच्या मागं. बाई हजेरी घ्यायला लागल्या. त्यांचा आवाज थरथरत होता. एकेक हजर येत गेलं, साहेब खुणा करत गेले. माझं नाव आलं. मी "हजर" म्हणालो. बाई वही मिटायच्या आधी थांबल्या, रोजच्या सवयीनं. आणि सर्ज्यानं, रोजच्याच सवयीनं, बारीक आवाजात म्हटलं, "हजर."

साहेबांची पेन्सिल थांबली. पटावरची नावं संपली होती आणि एक हजर जास्त झालं होतं. खोट्या हजेऱ्या पकडायलाच आलेला माणूस तो. त्यांनी विचारलं, "हा कोण?"

सर्ज्याचं तोंड पांढरं पडलं. हेडसरांनी डोळे मिटले. बाईंनी कपाटाकडं नुसतं बोट केलं. शेवटी मी उभा राहिलो. कसा राहिलो मला ठाऊक नाही. म्हणालो, "साहेब, त्यो साप हाय. बरणीतला. त्येची रोज हजेरी आमी देतो."

साहेब चालत कपाटापाशी गेले. वर बघितलं, बरणीवरची चिठ्ठी वाचली, बराच वेळ वाचली. मग मागं वळून हेडसरांना म्हणाले, "एवढा एक सोडून बाकीचे माझ्यासमोर उभे राहतील." हसले नाहीत ते. एकेका पोराला उभं करून नाव, बापाचं नाव, गाव, घराशेजारी कोण राहतंय, अ तुकडीत पाहुण्यातलं कोण आहे, असं सगळं उलटसुलट विचारलं. चुलतभाऊ बसला असता तर दुसऱ्या प्रश्नाला रडला असता. मी शेवटचा. मला त्यांनी घर कुठं विचारलं. मी खिडकीतनं दाखवलं. दारात आई शेणी थापत होती. साहेबांनी ते बघितलं आणि शेवटची खूण केली.

तुकडी राहिली. बाई वडगावहून येत राहिल्या. सर्ज्याला कुणी मारलं नाही, पण त्यानं तीन-चार दिवस सापाची हजेरी दिली नाही. मग बाईंनीच एकदा वही उघडी ठेवून कपाटाकडं बघितलं, आणि ते पुन्हा सुरू झालं.

मामांचा फोन शिमग्याच्या सुमाराला डेअरीत आला. गावात फोन तिथंच होता. मावसभाऊ धुराला आणि ॲसिडच्या वासाला कंटाळून पळून आला होता. मामा आबांना एवढंच म्हणाले, "पाठवा त्या मोजणीवाल्याला." वार्षिक परीक्षा तोंडावर होती, पण मामांना दुसऱ्यांदा थांबा म्हणायची माझी छाती नव्हती. मी बाईंना सांगायला गेलो. बोलता बोलता त्यांनी तराजूच्या पेटीची काच पुसली. मग म्हणाल्या, "ब तुकडीतनं दर वर्षी मुलं जातात, दिनकर. नुसती यायची बंद होतात. मी रोज नाव पुकारते, आठवडाभर, मग लाल शाईनं काट मारते. सांगून जाणारा तूच पहिला." डब्यात दशमी होती. ती त्यांनी अख्खी दिली, आणि आम्लाचं एकदा म्हणवून घेतलं.

इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात मामांनी माझ्या हातात चिमटा दिला आणि मी वजन उचललं, तेव्हा ते बघत राहिले. पुढं काही वर्षांनी त्यांचा एक कारागीर घाईत ॲसिडमध्ये पाणी ओतून बसला. त्याचा एक डोळा गेला. मला या धंद्यात इतकी वर्षं झाली, हाताला डाग आहेत, छातीत खरखर आहे, पण दोन्ही डोळ्यांनी हे लिहितोय. दुकानातल्या पोरांना मी रोज तेच म्हणायला लावतो. ती तमिळमध्ये म्हणतात, चालतंय.

मागच्या दिवाळीत सर्ज्यानं मला फोनवरच्या एका ग्रुपात घातलं. नाव होतं 'दहावीची बॅच'. शाळेचे फोटो येत होते. चौथी भिंत झालीय, नळाला पाणी आहे, वर्गात मोठा पडदा लावलाय. मी महिनाभर एक अक्षर लिहिलं नाही. मी दहावीला नव्हतोच, कुणीतरी विचारील हा कोण, ही धास्ती. शेवटी मेळाव्याचं ठरलं तेव्हा सर्ज्याला फोन करून तसं सांगितलं. तो आता एसटीत ड्रायव्हर आहे, आवाज तसाच. म्हणाला, "आरं, तू गेलास आन् तुझा नंबर मोकळा पडला, म्हणून आमी साप एक नंबर वर घेतला की. तुझ्या नंबरावर त्येनं दहावी काढली. आता यायला तुला काय धाड भरलीय?"

दुकान सोडून जाणं जमलं नाही. मेळाव्याच्या दिवशी सर्ज्यानं व्हिडिओ कॉल लावून फोन कुठंतरी उंचावर ठेवला. मला प्रयोगशाळा वरनं दिसत होती, टेबलं तीच, आणि स्टुलांवर टकलं पडलेली, पोटं सुटलेली माझी ब तुकडी. फोन कुठं ठेवलाय ते चित्राच्या कडेला आलेल्या काचेवरनं कळलं. कपाटावर, बरणीला टेकून. मगदूम बाई हजेरी घेत होत्या, पांढरे केस, आवाज तसाच थोडा थरथरणारा. हातातला कागद दहावीचा होता, त्यात माझं नाव असायचं कारण नव्हतं. नावं संपली. कागद खाली ठेवायच्या आधी बाई थांबल्या. सर्ज्या बोलला नाही. कुणीच बोललं नाही.

इकडं दुकानात पोरं काम थांबवून माझ्याकडं बघायला लागली होती. मी म्हणालो, "हजर."

बाईंनी चष्मा वर केला, कपाटाकडं बघितलं. "कोण ते?"

"दिनकर, बाई."

"आम्ल पाण्यात, का पाणी आम्लात?"

"आम्ल पाण्यात, बाई."

"मग बस खाली," बाई म्हणाल्या.

मी उभा राहिलो होतो हे मला तेव्हा कळलं. खाली बसलो.